उघडे टिंब

शुक्रवारी, सहा फेब्रुवारीला, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी डीनच्या कार्यालयातून यादी आली. नावे वीस होती. सोळाव्या नावाखाली आडवी रेघ होती आणि रेघेच्या लगेच खाली पाकू थाओ हे नाव होते. सोळाव्याची गुणांची सरासरी चारपैकी ३.७२. पाकूची ३.७१.

कोरिन हॉगनने यादी दोनदा वाचली. ती फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि कॉलेजच्या ऑनर सोसायटीची त्या वर्षीची अध्यक्ष होती. दर फेब्रुवारीत दुसऱ्या वर्षाच्या वर्गातले वरचे वीस टक्के विद्यार्थी सोसायटीत घेतले जात. एप्रिलच्या समारंभात त्यांनी काळ्या कातडी बांधणीच्या वहीत सही केली की ते सभासद झाले. वही १९५४ पासूनची. यंदा वर्गात चौऱ्याऐंशी जण होते आणि चौऱ्याऐंशीचे वीस टक्के १६.८ होतात.

"पॉइंट आठ माणूस आणायचा कुठून?" उपाध्यक्ष डेझ ओयलर तिच्या खांद्यावरून वाकून वाचत म्हणाला. "पाय कापून?"

"नियमात खालचा पूर्णांक घ्या असं लिहिलंय. सोळा."

"डोसचंही तसंच. थोडं कमी परवडलं, जास्त नको." त्याने कॉफीचा घोट घेतला. "पाकूला लागणार हे. तुझीच शिष्या ना ती?"

"हो."

कोरिनने यादी पालथी ठेवली. पाकू रेघेखाली का गेली हे तिला ठाऊक होते. डेझला ठाऊक नव्हते आणि कागदावर निम्मा दोष डेझचा दिसत होता.

कोरिनच्या हातात काचेच्या कपाटाची किल्ली आली ती आदल्या वर्षी २५ एप्रिलला, संध्याकाळी पाच चाळीसला. कपाट कॉलेजच्या तळमजल्यावर, लिफ्टच्या शेजारी. त्यात वही, एक पितळी खल आणि लाकडी पट्टी, एवढेच. पट्टीचा उपयोग वर्षातून एकदा. शेवटच्या नव्या सभासदाची सही झाली की अध्यक्षाने तिच्याखाली शाईने रेघ ओढायची आणि त्या वर्षीचे पान बंद करायचे. १९९१च्या रेघेवर कोरिनच्या आईची सही आहे. आई आता तीस मैलांवरच्या एका गावात औषधांचे एकुलते एक दुकान चालवते.

सोसायटीचे वर्ष ठरलेल्या वाटेने जाते. ऑगस्टमध्ये नवे विद्यार्थी पांढरे कोट घालतात तेव्हा सोसायटीचे लोक सरबत वाटतात आणि कोटाच्या खिशात पेन उघडे ठेवू नका म्हणून बजावतात. पहिल्या आठवड्यात तरीही चार कोट निळे होतात. सप्टेंबरपासून दर मंगळवारी दुपारी ग्रंथालयाच्या तळघरात शिकवणी. ऑक्टोबरमध्ये फ्लूच्या लशी. नोव्हेंबरात पिवळा कागद. बाकी सगळे विसरले गेले तरी पिवळा कागद कुणी विसरत नाही.

पाकू शिकवणीला पहिल्याच मंगळवारी आली. ती वॉसॉ शहराजवळच्या एका हमाँग, म्हणजे मूळच्या लाओसमधल्या, कुटुंबातली होती. घरची जिनसेंग या औषधी मुळाची शेती. काळ्या जाळीच्या सावलीतली ती शेते हमरस्त्यावरून दिसतात. तिला शिकवण्यासारखे फारसे नव्हते. ती प्रश्न विचारायला यायची आणि प्रश्न संपले की शेजारच्याला शिकवत बसायची.

"अध्यक्षीणबाई," असे ती कोरिनला म्हणायची, "हे मूत्रपिंडाचं सूत्र कुठल्या पुरुषानं काढलं? बाईचा आकडा काढून झाला की पंधरा टक्के कापून घेतो."

"स्नायू कमी असतात म्हणून."

"माझ्या आजीला येऊन सांगू दे त्याला."

त्या आजीची गाठ ऑक्टोबरात पडली. हमाँग समाजाच्या सभागृहात लस टोचायची होती. तिथे पाकू दुभाषी होती. पहिल्या तासात एकाही म्हाताऱ्याने बाही वर केली नाही. मग आजी खुर्चीत बसली, कोरिनकडे पाहून बरेच काही बोलली आणि रांगेतले सगळे हसले.

"काय म्हणाल्या?"

"म्हणतेय, पोरगी फार किडकिडीत आहे, हिला सुई उचलवेल का."

कोरिनने सुई उचलली. त्या दिवशी एकशे बारा जणांना लस टोचून झाली. जाताना आजीने तिच्या हातात जिनसेंगचे एक मूळ ठेवले. परीक्षेआधी चघळ, असा निरोप.

"रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्यांनी हे घेऊ नये," कोरिन सवयीने म्हणाली.

"हे मी तिला सांगणार नाही," पाकू म्हणाली. "तुला आमच्या घरी जेवायला बोलावलेलं नाहीये अजून. ते होऊ दे आधी."

परतताना दोघी काचेच्या कपाटापाशी थांबल्या. कोरिनने कपाट उघडून वहीतले १९९१चे आणि यंदाच्या एप्रिलचे पान दाखवले आणि पाकूने नावे वाचली. हॉगन, श्मिट, नोवाक, हॉगन.

"तुमच्या घरचीच वही दिसतेय."

"आई आणि मी. दोनच आहोत."

"माझी आजी सगळ्या नातेवाइकांच्या गोळ्या माझ्यासमोर आणून टाकते, मी बारा वर्षांची होते तेव्हापासून. बाटलीवरचं वाच म्हणते. मी वाचते ते सगळे घेतात. कुणी विचारत नाही की तुला कुणी सांगितलं." ती पानावर बोट ठेवून म्हणाली, "एकदा इथं नाव आलं की विचारलं तरी चालेल."

ते ऐकल्यापासून पाकूला काय हवे आहे हे कोरिनला नेमके माहीत होते.

पिवळा कागद म्हणजे डिसेंबरच्या परीक्षेसाठी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना दिलेली सूत्रांची एक पानभर यादी. ती हाताने, रेघांच्या कागदावर लिहायची आणि पिवळ्या कागदावर प्रती काढायच्या. सल्लागार प्राध्यापक डॉ. लेनोर विटेक यांचा तसा आग्रह होता. टंकलेले डोळ्यांखालून जाते, हाताने लिहिलेले वाचले जाते, असे त्यांचे म्हणणे. आणि तळाला दोन जणांची आद्याक्षरे. एक लिहिणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची. औषधाच्या दुकानातही हाच नियम. एकाने बाटली भरायची, दुसऱ्याने तपासायची, आणि दोघांच्या खुणेशिवाय ती खिडकीपलीकडे जात नाही.

शुक्रवारी, २१ नोव्हेंबरला, डेझने कच्चा कागद तपासला. चौदा सूत्रे. सगळी बरोबर होती. मग तो बाप आणि दोन काकांबरोबर उत्तरेला गेला. शनिवारी हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडत होता आणि त्या आठवड्यात विस्कॉन्सिनातला निम्मा पुरुषवर्ग झाडांवरच्या मचाणांत बसलेला असतो. तिथे फोन लागत नाहीत. लागू नयेत म्हणूनच पुष्कळ जण जातात.

सोमवारी कोरिनने पक्की प्रत लिहायला घेतली. दोन-तीन जणांनी फेनिटॉइनचे सूत्र मागितले होते म्हणून तिने ते पंधरावे म्हणून शेवटी घातले. फेनिटॉइन हे फिट्सवरचे औषध. रक्तातली प्रथिने कमी असली की तपासणीत त्याचा आकडा खऱ्याहून कमी दिसतो आणि सूत्राने तो दुरुस्त करून घ्यावा लागतो. सूत्रात शेवटी ०.१ मिळवायचे असतात. कोरिनने शून्य न लिहिता नुसते टिंब आणि एक लिहिला.

असे लिहू नये हे फार्मसीत पहिल्या आठवड्यात शिकवतात. कोरिनला ते त्याच्याही आधी, आठव्या वर्षी, आईने दुकानात शिकवले होते. "टिंबाच्या पुढे शून्य नसलं की ते उघडं पडतं," आई म्हणायची, "आणि उघडं टिंब वाऱ्यानंही उडून जातं." तिने असे का लिहिले याला कारण नव्हते. घाई होती. प्रती काढायची खोली सुट्टीमुळे साडेचारला बंद होणार होती.

तीन वाजून पाच मिनिटांनी तिने पक्क्या प्रतीचा फोटो डेझला पाठवला. चारपर्यंत उत्तर आले नाही. चार वाजून दहा मिनिटांनी तिने स्वतःच्या आद्याक्षरांशेजारी डेझची आद्याक्षरे घातली, थोडी तिरकी, त्याच्यासारखी. मग नव्वद प्रती काढल्या. टिंब कागदाच्या छापील रेघेवर पडले होते. यंत्राने रेघ पुसट केली आणि टिंबही तिच्याबरोबर गेले. पिवळ्या कागदावर ०.१ च्या जागी १ उरला.

चार डिसेंबरच्या परीक्षेत आठ गुणांचा एक प्रश्न होता. रुग्णाचा आकडा सहा, प्रथिने दोन. योग्य सूत्राने उत्तर बारा येते. औषध पुरेसे आहे, डोसला हात लावू नका. १ मिळवला तर उत्तर ४.३ येते आणि माणूस डोस वाढवतो.

जानेवारीच्या तेरा तारखेला सोसायटीच्या बैठकीत डॉ. विटेक म्हणाल्या, "नऊ जणांनी डोस वाढवला. नऊच्या नऊ जणांचं उत्तर ४.३. चुका वेगवेगळ्या असतात तेव्हा मी काळजी करत नाही. एकसारख्या चुका कुठून तरी आलेल्या असतात."

कोरिनने बैठक संपल्यावर पिवळा कागद काढून पाहिला. त्या संध्याकाळी तिने दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला मेल पाठवली. छपाईत एक टिंब उमटले नाही, क्षमस्व, योग्य सूत्र खाली दिले आहे. खोटे त्यात एकही वाक्य नव्हते.

दुसऱ्या दिवशी डेझच्या लॉकरवर कुणीतरी खडूने हरणाची शिंगे काढली. खाली लिहिले: हरीण दिसलं, टिंब नाही दिसलं. डेझ हसला आणि त्याने ती पुसली नाहीत. "बरोबरच आहे," तो कोरिनला म्हणाला. "शुक्रवारी माझं अर्धं डोकं मचाणावर होतं. सुटलं असेल नजरेतून." कोरिनने तेव्हाही सांगितले नाही. आठ गुणांनी कुणाचे काय बिघडते, असे तिने स्वतःला समजावले. पाकू त्या नऊ जणांत होती. आणि तिची त्या विषयातली 'ए' श्रेणी पाच गुणांनी हुकली, हे कोरिनला यादी आल्यावर कळले.

यादी आली तो शुक्रवार, मग शनिवार, रविवार. सोमवारी सकाळी कोरिनने डेझला कॅन्टीनच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसवले आणि सगळे सांगितले. त्याच्यापुढे ताज्या चीजची पिशवी होती. तो एकेक तुकडा दाताखाली करकरवत ऐकत होता. मग खायचे थांबला.

"म्हणजे मी ते सूत्र पाहिलंच नव्हतं."

"नाही."

"फोटो पाठवला होतास?"

"तीन पाचला. तुला रविवारी पोचला असेल."

"चाळीस मेसेज होते. मी उघडले नाहीत." त्याने पिशवीचे तोंड मुडपले. "महिनाभर माझ्या लॉकरवर शिंगं आहेत, कोरिन. मी रोज ती बघून वर्गात गेलो. आणि मला वाटलं, तपासायला बसल्यावर मी असा आहे."

"मी आज विटेककडे जातेय."

"जा." तो उठला. "मी नाही येत. मी आलो तर तुला बरं वाटेल, आणि आत्ता मला तुला बरं वाटायला नकोय."

डॉ. विटेक यांच्या खोलीत खुर्ची एकच असे, त्यांची. विद्यार्थी उभे राहून बोलत आणि त्यामुळे थोडक्यात बोलत. कोरिनने चार मिनिटांत सांगून टाकले.

"दोन गोष्टी आहेत," विटेक म्हणाल्या. "टिंब आणि सही. टिंब कुणाकडूनही सुटतं. माझ्याकडूनही सुटलंय, एकोणीसशे त्र्याऐंशीत, आणि ते औषध घेतलेल्या बाईला तीन दिवस दवाखान्यात ठेवून घ्यावं लागलं होतं. पण सही सुटत नाही. ती करावी लागते."

"हो, डॉक्टर."

"गुण मी बदलणार नाही. सूत्र मी वर्गात फळ्यावर लिहिलं होतं. पंच्याहत्तर जणांना ते आलं."

"मग मी सोसायटीतून बाहेर पडते. माझ्या जागी पाकूला घ्या."

"बसमधली सीट आहे का ही?" विटेकनी चष्मा काढला. "आणि बाहेर पडणं सोपं आहे. दार उघडलं की झालं. पण या सोळाव्या-सतराव्याचं काय करणार? गुण बदलले तर सोळावा बाहेर जातो. त्यानं काय पाप केलं?"

"सतरावी जागा मागता येईल?"

"राष्ट्रीय कार्यालयाकडे मागता येते. सभासदांची दोन तृतीयांश मतं आणि कारणाचं पत्र. अठ्ठावीस वर्षांत मी एकदाही मागितलेली नाही." त्यांनी चष्मा परत लावला. "आधी तिला विचार. तुझ्यासाठी नव्हे, तिच्यासाठी मागायचंय ना?"

मंगळवारी ग्रंथालयाच्या तळघरात पाकू आधीच येऊन बसली होती. पहिल्या वर्षाची दोन मुले तिच्याकडून गणिते समजून घेत होती. कोरिन आल्यावर तिने त्यांना पलीकडच्या टेबलावर पाठवले.

"ऐकलंय मी," पाकू म्हणाली.

"कुणाकडून?"

"चौऱ्याऐंशी जणांचा वर्ग आणि कॉफीचं यंत्र एक. कुणाकडून काय? सतरावी आहे हे ऐकलंय. दुसरं काही आहे का ऐकायचं?"

कोरिनने सांगितले. पाकूने शेवटपर्यंत ऐकले. मग तिने दप्तरातून वही काढली, बारा नोव्हेंबरच्या तासाचे पान उघडले आणि वही फिरवून कोरिनसमोर ठेवली. सूत्र निळ्या शाईत होते. शेवटी ०.१, शून्यासकट. त्यातला शून्य आणि टिंब पेन्सिलीने खोडलेले होते आणि समासात लिहिले होते: पिवळ्या कागदाप्रमाणे १.

"तुझं बरोबर होतं," कोरिन म्हणाली.

"होतं."

"मग का खोडलंस?"

"कारण वहीत सही एकच होती, माझी. पिवळ्या कागदावर दोन होत्या." तिचा आवाज चढला नाही. "सप्टेंबरात तूच शिकवलंस मला. आपलं आणि दोघांनी तपासलेलं जुळलं नाही तर चूक बहुतेक आपली असते. मी तसंच केलं. विटेक म्हणतात ना, जो कागदावर विश्वास ठेवतो तो बाटलीवरच्या चिठ्ठीवरही ठेवेल. अगं, पण ठेवायलाच हवा ना? नाहीतर दोन सह्या कशाला?"

"मला माफ कर."

"ते नंतर. विटेक काय म्हणाल्या?"

कोरिनने सतराव्या जागेचे सांगितले. पाकू पेन्सिलीचे टोक नखाने खरवडत राहिली.

"दया म्हणून नको मला."

"दया नाहीये."

"पत्रात काय लिहिणार?"

"छपाईत एक टिंब—"

"बघ. हे नको." पाकूने वही मिटली. "त्या यंत्रावर ढकलू नकोस. बिचाऱ्याला बोलता येत नाही. काय झालं ते लिहायचं असेल तर ही वही ने, पानाची प्रत काढ आणि जोड. छपाई लिहायची असेल तर मी सतरावीच बरी. आजीला सांगेन, चौऱ्याऐंशीत सतरावी. तिला तेही पुष्कळ वाटेल."

"काय झालं ते लिहिलं तर माझ्याही सभासदत्वाचा प्रश्न येईल."

"माहितीये मला," पाकू म्हणाली. "वही नेतेयस का?"

कोरिनने वही नेली.

२४ फेब्रुवारीला सभासदांची बैठक झाली. आवारात हजर सभासद पंधरा. कोरिनने मतदान केले नाही, तेव्हा उरले चौदा. हवी होती दहा मते. तिने पत्र मोठ्याने वाचून दाखवले. पत्र दोन पानांचे होते आणि त्यात 'छपाई' हा शब्द नव्हता.

"बाकीच्या आठ जणांचं काय?" एका मुलीने विचारले. "त्यांनीही आपल्याच कागदामुळे चूक केली."

"त्यांच्यापैकी कुणी रेघेच्या जवळ नाही," कोरिन म्हणाली. "पण प्रश्न बरोबर आहे. त्यांची माफी मी वर्गात जाऊन मागितलीय. काल."

"आणि सही करणारी सोसायटीत राहणार?"

तेव्हा मागच्या भिंतीला टेकून उभा असलेला डेझ म्हणाला, "सही माझ्या नावाची होती. मला वाटतं त्यावर आधी मी बोलावं. मी अजून रागावलेलो आहे, आणि मी बाजूनं मत देतोय. दोन्ही एकदमच लिहून घ्या." सचिवाने खरेच लिहून घेतले. इतिवृत्तात ते तसेच आहे.

बाजूने अकरा, विरोधात तीन. पत्र दोन मार्चला गेले. सोबत पिवळा कागद, पाकूच्या वहीतल्या पानाची प्रत आणि तीन पाचला पाठवलेला फोटो.

त्याच रात्री जेवताना कोरिनने आईला फोन केला. आईने विचारले, "शून्य का नाही घातलंस?" सहीबद्दल तिने त्या फोनवर काहीच विचारले नाही. दोन दिवसांनी टपालाने एक पाकीट आले. आत दुकानातला एक जुना कागद होता. त्यावर आठ वर्षांच्या कोरिनच्या अक्षरात ०.५ हे पन्नास वेळा लिहिलेले होते. सोबत चिठ्ठी नव्हती.

एकोणीस मार्चला राष्ट्रीय कार्यालयाची पोच आली. दोन ओळी. जादा सभासदाची विनंती आणि अध्यक्षांच्या वर्तनाचा प्रश्न समिती एकत्र विचारात घेईल. कोरिनने ती मेल पाकूला पुढे पाठवली. पाकूचे उत्तर आले: एकत्र कशाला? मी काय तुझी शेपटी आहे?

समारंभ शुक्रवारी, सतरा एप्रिलला, चार वाजता झाला. निर्णय आलेला नव्हता. सोळा जणांनी एकामागून एक सही केली. आई-वडील फोन वर धरून उभे होते. पाकू तिसऱ्या रांगेत होती. तिची खोलीतली मैत्रीण सोळांपैकी एक होती, तिच्यासाठी ती आली होती आणि सगळ्यांत आधी टाळ्या तीच सुरू करत होती. सोळावी सही होऊन शाई वाळायच्या आत नेहमीप्रमाणे कुणीतरी कोरिनला पेन दिले. तिने पट्टीसाठी हात पुढे केला.

पट्टी टेबलावर नव्हती. डॉ. विटेकनी ती उचलून आपल्या पिशवीत ठेवली होती. अर्धी बाहेर राहिली होती.

"चला," विटेक म्हणाल्या, "मासे थंड होतील."

मग सगळे नदीकाठच्या क्लबात शुक्रवारच्या तळलेल्या माशांच्या जेवणाला गेले. डेझ कोरिनच्या शेजारी बसला नाही. पण जेवताना समोरून त्याने न विचारता लिंबाची वाटी तिच्याकडे सरकवली.

लॉकरवरची शिंगे त्याने मार्चमध्येच पुसली होती. पाकूने फडके आणून दिले होते.

पुढच्या शुक्रवारी, २४ एप्रिलला, कोरिनने किल्ली नव्या अध्यक्षाला दिली. तो सोळांपैकीच एक, उंच, सगळ्याची टिपणे काढणारा मुलगा. त्याने वही उघडून पाहिली.

"इथं रेघ नाहीये."

"नाही."

"सतराव्या ओळीवर काही लिहायचं का? पेन्सिलीनं?"

"काहीही लिहू नकोस. उत्तर आलं की विटेक सांगतील, सही किंवा रेघ."

"आणि नोव्हेंबरपर्यंत नाहीच आलं तर? पिवळा कागद मला लिहायचाय. तपासायला कुणाला घेऊ?"

"जो आवारात असेल त्याला," कोरिन म्हणाली. "हरणांचा हंगाम बघून घे."

त्याने तेही टिपून घेतले.

त्या वेळी ग्रंथालयाच्या तळघरात पाकू पहिल्या वर्षाच्या पाच जणांना मूत्रपिंडाचे सूत्र शिकवत होती. शिकवायला सभासद असावे लागत नाही. चार वाजून दहा मिनिटांनी कोरिनने लिफ्टपाशी उभे राहून मेल उघडली. राष्ट्रीय कार्यालयाकडून एक ओळ आली होती. समितीची बैठक बारा मे रोजी आहे. तिने ती ओळ पाकूला, डेझला आणि डॉ. विटेकना पाठवली. पाचपर्यंत तिघांपैकी एकाचे उत्तर आले होते, डेझचे. त्यात फक्त तारीख होती, पुन्हा लिहिलेली, बरोबर उतरली आहे ना हे पाहण्यासाठी, आणि पुढे त्याची आद्याक्षरे.